बारा इंचांत एक सूत

समोरच्या घरातल्या छापेभाऊंचं आडनाव छापे नाही. टी-शर्टवर छापतात म्हणून गल्लीने त्यांना ते बहाल केलं, आणि ते अंगाला इतकं बसलं की हल्ली पोस्टमन त्यांचं खरं आडनाव वाचून पत्र परत न्यायला निघतो. त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे कारखाना. एक लांब टेबल, भिंतीला टेकवलेल्या जाळीच्या चौकटी, शाईचे डबे, छापलेलं पक्कं करायचा गरम प्रेस आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बहुतेक वेळा मी. माझं तिथे काही काम नसतं. पण त्यांची बायको माझी मैत्रीण आहे आणि तिच्या स्वयंपाकघराकडे जायची वाट त्या खोलीतून जाते. वाटेत दोन-तीन तास मोडतात, त्याला माझा इलाज नाही.

छापेभाऊंची छपाई चांगली असं लोक म्हणतात. मी म्हणते, रबराच्या पट्टीने जाळीतून शाई ओढणं कुणालाही जमेल, या माणसाची खरी कला आहे ती कोरा टी-शर्ट निवडण्यात. एकदा ठोक बाजारात त्यांच्याबरोबर गेले होते, ते अजून विसरले नाही. आधी त्यांनी कापड अंगठा आणि बोट यांच्यात धरून नुसतं चोळलं, नोट खरी की खोटी बघतात तसं. मग आत हात घालून टी-शर्ट उजेडाकडे धरला. "पाचही बोटं मोजता आली तर तो टी-शर्ट नाही वहिनी, ती मच्छरदाणी." मग गळ्याची पट्टी दोन्ही हातांनी ताणून सोडली आणि ती जागेवर यायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहिलं. उलटा केला, शिवणी वाचल्या. शेवटी गालाला लावला. दुकानदार कंटाळून म्हणाला, "साहेब, विकत घेताय की दत्तक?" छापेभाऊंनी त्याच्याकडे लक्ष न देता दुसरा गठ्ठा सोडायला सांगितला.

अशा माणसाला सासरा कसा मिळावा, तर टेलर.

छापेभाऊंचे सासरे दोन गल्ल्या पलीकडे मोठ्या मुलाकडे राहतात. आयुष्यभर कपडे शिवले म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. दुकान बंद करून सात वर्षं झाली, तरी टेप अजून गळ्यात असते. माणूस भेटला की मास्तर आधी त्याच्या खांद्यांकडे बघतात, मग तोंडाकडे. मला तर ते चेहऱ्याने ओळखत नसावेत, त्यांच्या लेखी मी 'डावा खांदा उतरलेली बाई' असणार.

मास्तरांच्या मते टी-शर्ट हा कपडाच नव्हे. त्याला काजं नाहीत, कॉलर नाही, पाठीला चुण्या नाहीत. ज्याला इस्त्रीची लाज वाटत नाही ते कसलं कापड, असं ते म्हणायचे. जावयाशी मात्र वागणं अतिशय अदबीचं. "या जावईबापू, बसा जावईबापू, कसं काय चाललंय तुमचं?" बावीस वर्षं हेच. भांडण म्हणाल तर एकदाही झालं नाही. दर वर्षी छापेभाऊ त्यांना आपल्या हातचा एक टी-शर्ट नेऊन देत, दर वर्षी मास्तर "वा, वा" करून तो घेत आणि पुढच्या खेपेला तो शिवणयंत्र पुसायच्या कामात दिसे. एक जरा जाड होता, त्याला बढती मिळून तो यंत्राचा अभ्रा झाला.

यंदा मास्तरांना ऐंशी पूर्ण होणार होती. मोठ्या मुलाच्या घरी सगळ्या खानदानाने जमायचं ठरलं, तेवीस माणसं. छापेभाऊंनी जाहीर केलं की सगळे एकसारखे टी-शर्ट घालतील, आणि ते आपण स्वतः करणार. मला मात्र शाई ढवळता ढवळता हळूच म्हणाले, "वहिनी, बाकीच्यांचं सोडा. मास्तरांनी एकदा अंगात घातला पाहिजे. फोटोपुरता घातला तरी चालेल." डब्यातली शाई केव्हाच एकजीव झाली होती, तरी त्यांचं ढवळणं चालूच होतं.

टी-शर्टवर काय छापायचं याची कल्पना त्यांची स्वतःची. छातीवर आडवी टेलरची टेप, एका बगलेकडून दुसऱ्या बगलेकडे जाणारी, एक ते बारा आकडे घातलेली, आणि खाली ओळ: 'आम्ही मास्तरांच्या मापातले'. मला फार आवडली. चोविसावा टी-शर्ट माझा असं मी तिथेच सांगून टाकलं. मैत्रीण कणीक मळता मळता बाहेर आली, चित्र पाहिलं आणि म्हणाली, "बाबा मोजतील."

"छापलेली टेप कोण मोजतं?" छापेभाऊ हसले.

"बाबा."

एवढं बोलून ती आत गेली. छापेभाऊ आणखी थोडा वेळ हसले, मग त्यांचं हसू हळूहळू आटत गेलं, आणि पाठोपाठ त्यांना आटण्याचीच आठवण झाली. कापड धुतलं की आटतं. गरम प्रेसखाली गेलं तरी आटतं. छापताना बारा इंच असलेली टेप धुतल्यावर साडेअकरा झाली आणि मास्तरांनी गळ्यातली टेप काढून वर ठेवली, तर ऐंशीव्या वाढदिवशी सगळ्या खानदानासमोर सिद्ध होणार की जावयाला बारा इंच मोजता येत नाहीत. हे म्हणजे सिंहाच्या गुहेत जाऊन त्यालाच डरकाळी शिकवण्यासारखं होतं. मी सुचवलं की आकडे नकोत, नुसती पिवळी पट्टी काढा. ते म्हणाले, मग तो पट्टा दिसेल. एकदा डोक्यात आलेली गोष्ट ते सोडत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून आठ ठिकाणांहून आठ प्रकारचे कोरे टी-शर्ट आले. प्रत्येकाला नंबर दिला, प्रत्येकाच्या छातीवर स्टीलची पट्टी लावून न पुसणाऱ्या पेनाने बारा इंचांची रेघ मारली, आणि मग धुणं सुरू झालं. तीनदा धुवायचा, तीनदा वाळवायचा, मधे एकदा प्रेसखाली घालायचा आणि मग मोजायचा. मैत्रिणीचं वॉशिंग मशीन आठवडाभर या कामाला जुंपलेलं होतं आणि घरातले कपडे ती बादलीत धूत होती. त्या आठवड्यात नवऱ्याबद्दल ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही, पण ऐकण्यासारखं मात्र होतं.

छापेभाऊ निकाल टी-शर्टवरच लिहीत. त्यामुळे गॅलरीतल्या दोरीवर आठ टी-शर्ट छातीवर साडेअकरा, पावणेबारा, सव्वाअकरा असे आकडे घेऊन वाळत. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी मला विचारलं, "हे गुण कुठल्या परीक्षेचे?" मी म्हटलं, जावयाच्या. त्यांनी मान डोलावली, त्यांनाही सासरा होताच.

एक नंबर पहिल्याच धुण्यात बाद झाला. दोन नंबर लांबी-रुंदीला टिकला, पण त्याला असा पीळ पडला की बगलेतली शिवण निघाली ती बेंबीपाशी येऊन थांबली. चार नंबर मिश्र धाग्याचा, लाल. तो तसूभरही आटला नाही, म्हणून त्याच्यावर पांढऱ्या शाईने टेप छापून पाहिली, तर प्रेसखाली त्याचा लाल रंग शाईत चढला आणि टेप गुलाबी झाली. मास्तर गुलाबी टेपबद्दल काय बोलतील याचा विचार करूनच तो बाजूला ठेवला. पाच नंबर आटायच्या ऐवजी वाढला, बाराचा साडेबारा. छापेभाऊ त्याला 'माझा मेव्हणा' म्हणत.

तीन, सहा आणि आठ धुण्यागणिक आटतच गेले. राहिला सात नंबर, गडद निळा, नुसत्या सुताचा, हाताला भरीव. पहिल्या धुण्यात दोन सूत आटला आणि मग हटून बसला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टेलर आणि सुतार सोडले तर जगात कुणाचंही त्यावाचून अडत नाही. म्हणजे सात नंबर आधी धुऊन घ्यायचा आणि मग छापायचा. या धंद्यात कोरा माल आधी धुऊन मग छापणारा दुसरा माणूस दाखवा. त्यांनी तसं एकावर करून पाहिलं. धुतलं, छापलं, प्रेस केलं, पुन्हा तीनदा धुतलं. टेप बरोबर बारा. त्यांनी मला मोजायला लावलं, मग बायकोला, मग गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसाला. तो म्हणाला, बारा आहे, पण माझे पैसे वेगळे.

आता प्रश्न आला साइजचा. टी-शर्ट अंगाला घट्ट झाला तर कापड ताणणार, आणि कापडाबरोबर टेपही. छापेभाऊंनी घरच्या ग्रुपवर विचारलं, तर वीस उत्तरं आली 'एम', आणि एक आलं 'एम, पण एस पण चालेल'. हे दुसरं मोठ्या मेव्हण्याचं. हा गृहस्थ आमच्या जिन्यात आला की मी वरच्या पायरीवर थांबते.

छापेभाऊ डोक्याला हात लावून बसले, तेव्हा मी पदर खोचला. या बाबतीत मला गल्लीत तोड नाही. माणसाला त्याची साइज विचारायचीच नसते. नवऱ्याची बायकोला विचारायची, ती बिचारी खरं सांगते, कारण धुवायला तिलाच लागतं. बायकोची मात्र नवऱ्याला विचारून उपयोग नाही, त्याला तिच्या चष्म्याचा नंबरसुद्धा माहीत नसतो. तिची जावेला विचारायची, आणि जी येईल त्यातून एक साइज वजा करायची. नणंदेने सांगितली असेल तर दोन वजा. तरुण मंडळींची मी त्यांच्या इस्त्रीवाल्याला विचारली. चार दिवसांत माझ्याकडे तेवीस माणसांची खरी यादी तयार होती. त्यात एम फक्त पाच होते.

"पण मिळाल्यावर लेबल बघतील ना," छापेभाऊ म्हणाले. "मेव्हण्याकडच्या मोठ्या वहिनींनी एक्सेल वाचलं तर जेवणार नाहीत त्या."

यावर उपाय त्यांचाच. विकत आलेलं लेबल गळ्यातून उसवून काढायचं आणि आतल्या बाजूला आपण छापायचं. त्यांनी एक छोटी जाळी बनवली आणि सगळ्यांच्या गळ्यात, लहान-मोठे न बघता, 'एम' छापून टाकला. मला विचारलं, "वहिनी, तुमची?" मी म्हटलं, एम. त्यांनी विश्वास ठेवला. भला माणूस आहे.

वाढदिवसाला दुपारी आम्ही सगळे मोठ्या मेव्हण्याच्या बैठकीच्या खोलीत टी-शर्ट घालून उभे होतो. मोठ्या वहिनी लेबल वाचून इतक्या खूश होत्या की नणंदेशीही प्रेमाने बोलल्या. मास्तर आतल्या खोलीतून आले. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, कडक इस्त्री, गळ्यात टेप. त्यांनी आमच्याकडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं, ओळ वाचली, आणि त्यांचा चेहरा जरासा हलला असं मला वाटलं. छापेभाऊंच्या हातात त्यांच्यासाठी घडी केलेला टी-शर्ट होता. तो पुढे करायच्या आत मास्तरांनी गळ्यातली टेप काढली.

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. तिने सांगितलंच होतं.

"सरळ उभा राहा. श्वास सोड," मास्तर मोठ्या मुलाला म्हणाले आणि त्याच्या छातीवरच्या टेपवर आपली टेप धरली. चष्मा वर केला, खाली केला. "अकरा इंच सात सूत."

मग ते छापेभाऊंकडे वळले.

"बारात एक सूत कमी आहे, जावईबापू."

आता ऐका. छापेभाऊंच्या खांद्यावरच्या पिशवीतून स्टीलची पट्टी दोन बोटं बाहेर आलेली मला दिसत होती. आदल्या दिवशी त्यांनी तिने चोवीसही टी-शर्ट मोजले होते आणि चोवीसही बारा भरले होते, मी शेजारी बसून आकडे लिहून घेतले होते. म्हणजे चूक कोणाच्या टेपेत होती ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. कापडी टेप, रोजची ओढाताण, वर्षानुवर्षं गळ्यातलं वजन. ती लांबणारच. पट्टी काढून ठेवायचा अवकाश, बावीस वर्षांचं उट्टं निघालं असतं. मी त्यांना कोपराने ढोसलं. ते ढिम्म.

"असेल, बाबा," ते म्हणाले. "आमच्याकडून राहिलं असेल." आणि त्यांनी ती पट्टी हळूच पिशवीत आणखी खाली ढकलली.

मी जीभ दातांखाली धरली. माझ्या आयुष्यात हे फार वेळा झालेलं नाही.

मास्तर पुढे सरकले. मोठी सून, अकरा इंच सात सूत. धाकटा मुलगा, अकरा सात. व्यायाम करून फुगलेला नातू, अकरा सात. मग माझी पाळी आली. "साडेतेरा," मास्तर म्हणाले, आणि अख्खी खोली फुटली. सगळ्यांच्या गळ्यात एम होता, पण मापात बसत नसताना खराखुरा एम चढवलेली मी एकटीच होते. मी म्हटलं, माझ्या टी-शर्टाला मोठं मन आहे.

माझ्यानंतर आणखी पाच जण, पाचही अकरा सात. मास्तरांचा हात हळू झाला. अकराव्या माणसापाशी ते थांबले, परत वळून पहिल्यापाशी गेले, पुन्हा मोजलं. जाडा, बारीक, बाई, पुरुष, सगळ्यांचं कमी, आणि सगळ्यांचं सारखंच कमी. कापड आटलं असतं तर कुणाचं दोन सूत गेलं असतं, कुणाचं अर्ध. हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. कपडा कसा चुकतो हे ज्याला कळतं, त्याला कपडा चुकलेला नाही हेही कळतं.

त्यांनी हातातल्या टेपकडे पाहिलं. मग सरळ छापेभाऊंसमोर येऊन त्यांच्या पिशवीत हात घातला आणि स्टीलची पट्टी बाहेर ओढली. ती खाली ढकललेली त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. टीपॉयवर पट्टी ठेवली, तिच्याशेजारी टेप अंथरली, आणि वाकून पाहिलं. टेपवरचा बाराचा आकडा पट्टीच्या बाराच्या पुढे एक सूत गेला होता.

"असू दे हो बाबा," मोठा मेव्हणा म्हणाला, "सुताने काय होतंय."

मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खरोखरच एम साइजचा झाला. "चाळीस छातीला तीन सुतांहून जास्त होतं," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि स्वतःशीच हिशेब करायला लागले. दुकानाच्या शेवटच्या काही वर्षांत नेहमीच्या गिऱ्हाइकांचं माप जुन्या वहीतलं आणि कापड या लांबलेल्या टेपेने बेतलेलं, त्यामुळे ती कपडे सैल झाले म्हणून येत. मास्तर प्रत्येकाला ठणकावून सांगत की माझं माप चुकत नाही, तुम्हीच वाळलात. बँकेतल्या एका साहेबाला त्यांनी सलग तीन कोटांना हेच सांगितलं होतं. त्याने घाबरून रक्त तपासलं, रोज तूप खायला लागला आणि खरंच जाडा झाला, तेव्हा कुठे त्याला कोट बसले.

हे सांगता सांगता मास्तर हसायला लागले. बाकीच्यांना हसावं की नाही कळेना. मी सुरुवात करून दिली.

हसू ओसरल्यावर त्यांनी मान वर केली. "तुला माहीत होतं?"

मैत्रिणीने माझा दंड धरला. बावीस वर्षांत तिच्या बापाने तिच्या नवऱ्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं.

"हो," छापेभाऊ म्हणाले.

"मग बोलला का नाहीस?"

"आज कसं बोलणार, बाबा?"

"उद्या बोलला असतास?"

छापेभाऊंनी थोडा विचार केला. "नसतो बोललो."

"गाढव आहेस," मास्तर म्हणाले. "आण तो माझा."

हे ऐकून मैत्रीण रडायला लागली. नवऱ्याला गाढव म्हटल्यावर बायको आनंदाने रडते हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि मला विचाराल तर तिचं बरोबर होतं. जावईबापूला कुणी गाढव म्हणत नाही.

मास्तर टी-शर्ट घेऊन आत गेले ते अर्धा तास बाहेर येईनात. केक कापायचा खोळंबला. मग शिवणयंत्राचा आवाज ऐकू आला. शेवटी बाहेर आले तेव्हा टी-शर्ट अंगात होता, खाली पँटीत खोचून वर पट्टा बांधलेला. खांदा उतरत होता म्हणून आत घेतला, आणि बगलेत शिवण मारली, असं म्हणाले. दुकानातल्या तयार मालाचा टी-शर्ट कुणाच्या अंगावर इतका बेतशीर बसलेला मी पाहिलेला नाही. छापेभाऊंनी फोटो काढला. पण टी-शर्ट फोटोपुरता राहिला नाही, कारण मास्तरांनी तो दिवसभर काढलाच नाही.

केक झाल्यावर मोठ्या वहिनी म्हणाल्या, बाबा, माझाही खांदा बघा ना. मग रांगच लागली. मास्तर यंत्रावर, शेजारी स्टुलावर छापेभाऊ हातात ब्लेड घेऊन शिवणी उसवतायत, आणि दोघांचं अखंड बोलणं. मी दारात उभी राहून ऐकत होते. मास्तर म्हणत होते, छपाई ठीक आहे तुझी, पण कापड चांगलं निवडलंय, कोणी निवडलं? मी, असं छापेभाऊ म्हणाले. कसं बघितलंस? छापेभाऊंनी चोळून दाखवलं, उजेडात धरून दाखवलं. गालाला लावलेलं मात्र सांगितलं नाही. मास्तर म्हणाले, एवढ्याने भागत नाही, पुढच्या वेळी जाशील तेव्हा मला घेऊन जा.

दोघं बाजारात गेलेही, परवाच. शाळेच्या एका मॅचसाठी साठ टी-शर्ट शनिवारपर्यंत द्यायचे होते. दोघं सकाळी दहाला ठोक बाजारात शिरले आणि दुपारी अडीचला बाहेर आले. छापेभाऊंना पसंत पडलेला मास्तरांना पडला नाही, मास्तरांना पडलेला छापेभाऊंना पडला नाही, आणि दोघांना पडलेल्याची गळ्याची पट्टी उशिरा जागेवर येत होती. दुकानदाराने शेवटी हात जोडले. एकही टी-शर्ट न घेता दोघं घरी आले आणि जिन्यातसुद्धा कापडावरून हमरीतुमरी चालूच. मैत्रीण डोक्याला हात लावून बसली, शनिवार दोन दिवसांवर होता. छापेभाऊ पाणी प्यायले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत म्हणाले, "वहिनी, काय बघतो म्हातारा."

आतून मास्तरांची हाक आली, "अरे, बसलास काय? दुसरं दुकान उघडलं असेल आता."